बाळंतपणात बापाच्या मनाचीही विचारपूस हवी

प्रसूतीनंतर मातेला येणाऱ्या नैराश्याविषयी आता बोलले जाते. पित्याच्या मनावरील ताण मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१० साली विविध देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार, पत्नीच्या गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के पित्यांमध्ये नैराश्य आढळले. बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना हे प्रमाण सर्वाधिक होते. माता नैराश्यात असल्यास पित्यालाही धोका वाढतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळे गांभीर्य आहे. कापूस आणि सोयाबीनची पावसावर अवलंबून असलेली शेती, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत राहिला. पीक बुडालेल्या वर्षी बाळाचे आगमन आनंदाबरोबर खर्चाची धास्तीही आणते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे पिता अनेकदा घरी एकटाच असतो, आणि 'बारशाला हसतमुख राहायचे' या अपेक्षेपोटी तो मनातले बोलत नाही.

लक्षणे कोणती?

पुरुषांमधील नैराश्य नेहमीच रडण्यातून व्यक्त होते असे नाही. चिडचिड, घराबाहेर राहणे, मद्यपान वाढणे, झोप न लागणे, अंगदुखी, बाळाला जवळ घेण्यास टाळाटाळ, 'आपण कुटुंबाला पुरे पडणार नाही' ही सततची भावना, अशा रूपांत ते दिसते. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा आजार उपचाराने बरा होतो.

विचारपूस कोणी करावी?

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशा स्वयंसेविका ४२ दिवसांत सहा गृहभेटी देतात. त्यापुढील बालसंगोपन कार्यक्रमात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांतील भेटी ठरलेल्या आहेत. पित्याच्या नैराश्याचा धोका सर्वाधिक असतो तो काळ नेमका तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यांच्या भेटींत येतो. त्या वेळी 'तुमची झोप कशी आहे, मन लागते का?' एवढे पित्यालाही विचारले, तरी आजार वेळीच लक्षात येऊ शकेल. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'त आशांचा सहभाग होताच. त्यामुळे हे काम त्यांना अपरिचित नाही.

कुटुंबीयांनीही रात्रीचे जागरण वाटून घ्यावे, बाळाला आंघोळ घालणे, झोपवणे यांत पित्याला सामावून घ्यावे आणि खर्चावरून टोमणे टाळावेत.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवल्यास त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. 'टेलिमानस' ही २०२२ पासूनची शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन देते.