दिसायला ठणठणीत

९ जून १९८१ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एक गोऱ्हा जन्मला. त्याचं नाव व्हर्जिल. शरीराबाहेर, काचेच्या बशीत फलन होऊन जन्मलेलं गायीचं हे पहिलं वासरू. पण ब्रॅकेट यांच्या चमूने ते भ्रूण बशीत फार दिवस ठेवलं नव्हतं. चार पेशींचं असतानाच ते दुसऱ्या गायीच्या बीजवाहिनीत सोडलं.

मी सॉफ्टवेअरवाला, गायीशी संबंध चहातल्या दुधापुरता. तरी या इतिहासात अडकलो, कारण पुढची वीस वर्षं ही मंडळी ज्या प्रश्नाशी झुंजत होती तो माझ्या ओळखीचा आहे: वरवरची चाचणी पास झाली म्हणजे आत सगळं ठीक आहे का?

पहिली अडचण आठ पेशींची. बशीतली बहुतेक भ्रूणं आठ ते सोळा पेशींपर्यंत वाढायची आणि थांबायची. सुरुवातीच्या या विभाजनांत भ्रूण आईने बीजांडात भरून ठेवलेल्या शिदोरीवर, म्हणजे आरएनए आणि प्रथिनांवर जगतं. स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर वाचायला लागतं ते नंतर: उंदराचं दोन पेशींना, माणसाचं चार ते आठला, गायीचं आठ ते सोळाला. अडायचं ते नेमकं याच टप्प्यावर. विस्कॉन्सिनमध्ये आयस्टोन आणि फर्स्ट यांनी बशीत बीजवाहिनीच्या पेशींची सोबत दिली, तेव्हा भ्रूणं हा उंबरठा ओलांडू लागली. तो शोधनिबंध १९८९ चा.

त्यानंतर भ्रूणात जे घडतं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. सुट्या गोट्यांसारख्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. बाहेरच्या थरातल्या टाइट जंक्शन फटी बुजवतात. मग आत पाणी साठून पोकळी तयार होते, तो ब्लास्टोसिस्ट. आणि गॅप जंक्शन म्हणजे शेजारच्या पेशींमधले बारीक बोगदे: कनेक्सिन प्रथिनांच्या या नळ्यांतून छोटे रेणू इकडून तिकडे जातात.

आता प्रयोगशाळेत ब्लास्टोसिस्ट मिळू लागले. निवड सूक्ष्मदर्शकाखाली, रूपावरून व्हायची. पण अशा गर्भधारणांतली काही वासरं अवाजवी मोठी निघत. प्रसूती अवघड होई, कधी वासरू दगावे, कधी गायही. निवडताना ती भ्रूणं देखणी दिसली होती.

१९९६ मध्ये जर्मनीत व्रेन्झिकी, नीमन आणि सहकाऱ्यांनी रूप बाजूला ठेवून आतला संदेशच तपासला. कनेक्सिन-४३ या जनुकाचा आरएनए त्यांनी गायीच्या पोटातल्या आणि बशीतल्या भ्रूणांत शोधला. पोटातल्या भ्रूणांत तो ब्लास्टोसिस्टपर्यंत सापडला. बशीतल्या भ्रूणांत पेशी बिलगण्याच्या अवस्थेपर्यंत होता, ब्लास्टोसिस्टमध्ये मात्र सापडला नाही. पेशींमधल्या बोगद्यांचा एक संदेश गायब, आणि बाहेरून काही कळायला मार्ग नाही.

वासरं मोठी होण्याचं कारण हा एक आरएनए, असं यातून सिद्ध होत नाही. २००१ मध्ये मेंढ्यांवर झालेल्या कामात तशा अतिवाढीचा संबंध आयजीएफ२आर या वेगळ्याच जनुकाशी, त्यावरच्या रासायनिक खुणा कमी होण्याशी जोडला गेला. पण १९९६ च्या कामामुळे प्रश्न बदलला. भ्रूण वाढलं का, एवढंच विचारून भागेना. त्याची कोणती जनुकं चालू आहेत, हेही विचारावं लागलं. ज्या द्रवात ते पहिला आठवडा काढतं, तो द्रवही मग संशयित ठरला.

हे सगळं आता लांबचं राहिलेलं नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून गायींचं आयव्हीएफ आपल्याकडच्या गोठ्यांपर्यंत पोचू लागलं आहे. भ्रूणाची प्रत आजही प्रामुख्याने डोळ्यांनीच ठरवली जाते. व्यवहारात ते बरंचसं चालतंही. पण जिथे चालत नाही, तिथे किंमत मोजते ती गोठ्यातली गाय आणि तिच्यावर घर चालवणारा माणूस. बशीत डोकावणाऱ्याला ते त्या क्षणी दिसत नसतं.