गुरे तोंड लावत नाहीत, ते कुंपणाला

कल्याणहून येणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरतो आणि लवकरच मढ लागते. पावसाळ्यात इथे खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरई, त्याच्या वर हिरड्याची झाडे आणि जागा मिळेल तिथे चरणारी गुरे दिसतात. या पट्ट्यात महादेव कोळ्यांची मोठी वस्ती आहे. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तेव्हा या डोंगरांतले गुराखी वाघबारस पाळतात. वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजते, नैवेद्य दाखवला जातो आणि गुरे राखण्यासाठी साकडे घातले जाते. वाघाला निदान नवस बोलता येतो. कण्हेरीला बोलून उपयोग नाही, ती ओळखावीच लागते.

कुत्री-मांजरे पाळणारी शहरातली मंडळी हल्ली रोपवाटिकेत विचारतात, ‘हे झाड विषारी नाही ना?’ प्रश्न नवा वाटतो, पण जनावरे पाळणाऱ्या गावांना तो फार जुना आहे. तिथे तो उलट बाजूनेही विचारला जाई. जनावर ज्याला तोंड लावत नाही असे काय मिळेल? कारण कुंपणाला तेच हवे असे.

निरगुडी, अडुळसा, शेर, मोगली एरंड, निवडुंग ही दख्खनच्या जुन्या कुंपणांतली नेहमीची नावे. यांतल्या बहुतेकांची फांदी नुसती रोवली तरी जगते, पाणी घालावे लागत नाही आणि राखणही लागत नाही. शेराची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर माणसाचीही आग आग होते. मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या तर वांत्या-जुलाब ठरलेले. अडुळशाला शेळीसुद्धा सहसा शिवत नाही, आणि या बाबतीत शेळीच्या वरचे न्यायालय नाही.

गोठ्याजवळची निवड वेगळी. शेवगा, हादगा, उंबर, पांगारा ही झाडे हाताशी असली की वैरण कमी पडली तरी पाला ओरबाडून गव्हाणीत टाकता येतो. पांगारा तर दोन्हीकडचा. काटे असल्यामुळे कुंपणाला चालतो आणि पाला गुरांच्या पोटात जातो. अंगणात तुळस, जास्वंद, अबोली. अडचणीची एकच, कण्हेर. देवाला तिचे फूल हवे म्हणून ती दारापुढे येते, पण तिच्या मुळापासून फुलापर्यंत हृदयावर परिणाम करणारे विष असते. ताज्या कडू पानाला गाय फारशी जात नाही. पान वाळले की मात्र कडवटपणा जाणवत नाही आणि विष तसेच राहते. म्हणून उभ्या झाडापेक्षा छाटून टाकलेल्या आणि वैरणीत मिसळलेल्या फांद्यांचे भय जास्त.

या नावांतली सगळी मंडळी इथली नाहीत. शेर आफ्रिकेतला. निवडुंग, मोगली एरंड आणि पिवळी कण्हेर अमेरिकेतून आलेली. नव्या झाडाची ओळख पटायला गुराख्याला एखाददुसरे जनावर गमवावे लागले असणार. त्याची नोंद कुठल्या बखरीत नाही, पण ‘याला हात लावू नको’ हे पोरांना सांगणाऱ्या आजीच्या तोंडी ती उतरली.

एकोणिसाव्या शतकात झाडे आणण्याचे काम सरकारने हाती घेतले आणि त्याचा एक धागा जुन्नर तालुक्यात पोचतो. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती आणि जुन्नरजवळ हिवऱ्याला औषधी वनस्पतींसाठी तिची शाखा. स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन १८३८ ते १८४७ या काळात दापोडीच्या बागेचे प्रमुख होते. पुढे ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि १८६१ मध्ये डाल्झेल यांच्यासह त्यांनी इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा बागांत झाडाची परीक्षा औषध, उत्पन्न किंवा शोभा या कसोट्यांवर होई. गाय ते खाईल का, खाल्ले तर काय होईल, हा गोठ्यातला प्रश्न त्यांच्या कामात दुय्यम होता.

याचे सर्वांत महाग उदाहरण घाणेरी. रंगीबेरंगी फुलांची ही अमेरिकी झुडपे शोभेसाठी १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया पसरवल्या आणि ती देशभर डोंगरउतारांवर चढली. तिचा पाला पोटात गेला की जनावराचे यकृत बिघडते. मग ऊन सोसत नाही; नाकपुड्या, कान आणि पांढऱ्या केसांखालची कातडी सोलून निघते. गुरे भरल्या पोटी घाणेरीकडे ढुंकून पाहत नाहीत. उपाशीपोटी पाहतात.

आणि गुरे उपाशी राहण्याची कारणे वाढत होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत चराईवर बंधने आली. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने गायराने गिळल्याबद्दल सरकारला धारेवर धरले, ते उगीच नव्हे. चारा आटला की जनावराची निवड सुटते. वनस्पतींच्या विषबाधा दुष्काळात वाढतात त्या यामुळेच. दुष्काळात काटे भाजून निवडुंगही गुरांना घातला गेला, म्हणजे कुंपणच गव्हाणीत आले.

पाटबंधाऱ्यांच्या काठी वाढणाऱ्या बेशरमाची कथा याहून विचित्र. तोही अमेरिकेतलाच. शेळीला त्याची चटक लागली की ती दुसरा पाला सोडून त्याच्याच मागे जाते, हळूहळू तिचा तोल जातो, मान थरथरते आणि ती खंगत जाते. शेळीचे न्यायालयही कधी चुकते ते असे.

विषाचा उपयोग माणसानेही केला. गुंजेच्या बिया वाटून केलेल्या बारीक सुया गुरांच्या कातडीत टोचल्याची प्रकरणे इंग्रजी काळातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत सापडतात. त्याचा ठपका पोलीस सरसकट कातडे कमावणाऱ्या जातींवर ठेवत. त्यात पुराव्यापेक्षा पूर्वग्रहच जास्त दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने जनावराला विष घालणे हा गुन्हा ठरवला, आणि त्यातही प्रतवारी केली. गाय, बैल, म्हैस, घोडा, उंट, हत्ती यांची किंमत कितीही असो, कलम ४२९ लागे. कुत्र्यासाठी आधी त्याची किंमत पाहिली जाई. ती दहा रुपये भरली तर ४२८, पन्नास भरली तरच ४२९. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही शिक्षणाचा भर घोडे आणि गुरे यांच्यावरच होता.

कुत्र्या-मांजरांसाठी झाडे निवडण्याची वेळ फार उशिरा आली, कारण ती घराबाहेर राहत आणि मोकळी फिरत. पोट बिघडले की कुत्रा स्वतःच हरळी चघळे. मांजर अंगणातल्या खोकलीच्या मुळाशी लोळे. त्या मुळाची मांजरांना विलक्षण ओढ असते. सदनिकेत कोंडलेल्या जनावरापुढे मात्र असते ते कुंडीतले, आणि कंटाळ्यापोटी ते तेच चावते. कुंडीत येते दिवाणखान्याच्या शोभेचे. डिफेनबेकिया आणि मनी प्लांट यांतल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड पोळून सुजते. सायकसच्या बिया कुत्र्याचे यकृत निकामी करू शकतात. पुष्पगुच्छातल्या लिलीचे पराग अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्या मानाने जास्वंद, गुलाब, अबोली, अरेका पाम ही मंडळी निर्धोक. म्हणजे आजीच्या अंगणातली निम्मी यादी आजही चालते; घोटाळा दिवाणखान्याचा आहे.

जुन्नरमध्ये या प्रश्नाला आणखी एक वळण लागले. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाटाचे पाणी फिरले आणि तालुक्याच्या पूर्व भागात ऊस वाढला. उंच, दाट, वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्यांनी मुक्काम केला. माद्या उसातच पिले घालू लागल्या आणि गावातली कुत्री त्यांचे सहज मिळणारे भक्ष्य बनली. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले. विषाचा थेंबही नसलेला ऊस इथे कुत्र्याला कण्हेरीपेक्षा घातक आहे. त्यामुळे बिबट्याच्या टापूत राहणाऱ्यांना वनखाते जे सांगते त्यात विषारी-बिनविषारीचा भेद नाही: घराभोवती झुडपे माजू देऊ नका, दाराजवळ दिवा ठेवा आणि रात्री जनावरे बंदिस्त गोठ्यात घ्या, कुत्र्यासकट.