ओसरीवरचा पंतोजी आणि माजघरातली शिकवणी

आपल्याकडील शिक्षणाचा इतिहास बहुधा इमारतींपासून सांगितला जातो. विश्रामबागवाड्यात १८२१ साली उघडलेली संस्कृत पाठशाळा, १८४८ सालची भिडेवाड्यातील मुलींची शाळा, १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, असे एकेक मुक्काम घेत हा इतिहास पुढे सरकतो, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे, कारण इमारतीला सनावळी असते, दप्तर असते, उद्घाटनाचे भाषण असते. परंतु या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि त्या उभ्या राहिल्यानंतरही, विद्येचा फार मोठा व्यवहार लोकांच्या राहत्या घरांत, दरमहाच्या बोलीवर आणि परक्याचा उंबरठा ओलांडून येणाऱ्या एका माणसाच्या भरवशावर चालत आला. खासगी शिकवणी म्हणजे शाळेला जडलेला रोग, अशी समजूत आज रूढ आहे. ती मला अन्यायाची वाटते, कारण वयाचा विचार केला तर शिकवणी ही शाळेहून वडील आहे.

याचा एक सबळ पुरावा महाराष्ट्राबाहेरचा आहे. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी आपल्या इलाख्यातील देशी शिक्षणाची चौकशी करवून १८२६ साली जे टिपण लिहिले, त्यात मद्रास शहरातील शाळांत शिकणाऱ्या मुलांपेक्षा घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे पाचपट असल्याचे नमूद आहे. ही मुले घरात आप्तांकडून शिकत किंवा खासगी शिक्षकांकडून. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या हुकुमावरून गावोगावच्या शाळांची जी माहिती गोळा झाली, तिच्यातील शाळा म्हणजे तरी काय होत्या? एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा खुद्द पंतोजींच्या घराचा सोपा. शाळा आणि शिकवणी यांच्यामध्ये भिंत उभी राहण्यापूर्वीचा तो काळ होता.

या पंतोजींचा धंदा जवळून पाहण्यासारखा आहे. सरकारी नेमणूक नाही, सनद नाही, परीक्षा नाही; मुलांच्या वडिलांशी तोंडी ठराव, आणि त्या ठरावात रोख रक्कम थोडी, बाकी धान्य, सणावाराचा शिधा, घरात मुंज किंवा लग्न निघाले तर पागोटे अथवा धोतरजोडी. मोबदला असा तुटपुंजा असला तरी शिकवण्याचा क्रम मात्र पक्का बांधलेला असे. धूळपाटीवर बारीक धूळ पसरून काडीने अक्षर गिरवायचे, ते पुसायचे, पुन्हा गिरवायचे. हात बसला की बोरू आणि शाई, मग मोडीचे वळण, कित्ते, आणि सरतेशेवटी पत्रांचे मायने, म्हणजे वडिलांना कसे लिहावे, सावकारास कसे, अंमलदारास कसे. अक्षर घोटून वळणदार करावे हा आग्रह आपल्याकडे केवढा जुना आहे, हे समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास घातला, यावरूनच दिसून येईल. संध्याकाळी सगळ्या मुलांनी एका सुरात परवचा म्हणायचा, आणि त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे यायचे. पुढच्या पिढीने या घोकंपट्टीची पुष्कळ निंदा केली, आणि छडीचा मार व अर्थशून्य पाठांतर यांविषयीची ती निंदा खरीही होती. तथापि रुपये-आणे-पै, शेर-पायली आणि व्याजाचा दर यांवर ज्याचा चरितार्थ चालायचा, त्या कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या मुलाला औटकी मुखोद्गत असणे म्हणजे अर्धी नोकरी हाती असणे होते, हेही विसरू नये.

या व्यवस्थेतला खरा दोष निराळाच होता. ज्याच्या घराला ओसरी, त्याच्याच दारी पंतोजी. ज्याच्यापाशी शिधा नाही आणि ज्याच्या जातीला वाड्याची पायरी चढण्याची मुभा नाही, त्याच्या मुलापर्यंत ही विद्या पोहोचतच नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तिच्यामागे हा अनुभव उभा होता. आणि तरीही सावित्रीबाईंच्या शिक्षणाचा आरंभ स्वतःच्या घरात, पतीच्या हाताखाली झाला. घर हे ठिकाण शाळेत जाण्यास मज्जाव असलेल्यांसाठी आसराही ठरू शकत होते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. रमाबाई रानडे यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना पुण्याच्या त्या वाड्यात इंग्रजी शिकवण्यास येणाऱ्या मिस हरफर्ड या बाई निश्चित आठवतील. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेला, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा त्यास कडवा विरोध, आणि या दोहोंमध्ये ती तरुण विद्यार्थिनी. बाईंचा स्पर्श झाला म्हणून धडा संपताच तिने स्नान करावे असा घरचा हट्ट. शिकवणाऱ्या बाईंच्या बाजूनेही हा प्रसंग पाहण्याजोगा आहे. आपण उठून गेल्यावर आपल्या स्पर्शाचे क्षालन होते, हे ज्या घरात घडते, त्याच घरी पुन्हा ठरल्या वेळी जाऊन पुढचा धडा उघडायचा, याला केवळ उपजीविकेची गरज पुरत नाही. विद्यार्थिनीवर लोभ असावा लागतो. याच हरफर्डबाईंकडे पंडिता रमाबाईंनीही इंग्रजीचे पाठ घेतले. शाळांच्या अहवालांत असल्या तासांची गणती कोठेच होत नाही, पण त्यांनी दोन रमाबाईंच्या हाती नवी भाषा दिली.

संस्थानांतील शिकवणीचा थाट वेगळा होता. बाळशास्त्री जांभेकरांना अक्कलकोटच्या अल्पवयीन राजाचे शिक्षक म्हणून नेमण्यात आले, आणि १८७५ साली कवळाण्याहून आणून बडोद्याच्या गादीवर बसवलेल्या सयाजीरावांसाठी इलियट साहेबांची योजना झाली. येथे शिक्षकाला मुशाहिरा होता, इतमाम होता, आणि त्याच्यामागे सरकारचा राजकीय हेतूही होता. उलट दिशेची शिकवणीही चालत असे. देशी भाषेच्या परीक्षेची सक्ती असलेले कंपनीचे अंमलदार बंगल्यावर मुन्शी किंवा पंडित ठेवीत. मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मराठी कोश ज्या पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला, तेही साहेबाला भाषा समजावून देणाऱ्या याच वर्गातले. आणि १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ इंग्रजीची सवय व्हावी म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांना इंग्रजी शिकवण्याचे काम डॉक्टरांच्या कन्येने, अन्नपूर्णा तर्खडने केले.

शिकवणीचे आजचे रूप मात्र परीक्षेने घडवले. विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ साली प्रथम झाली, तीत रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले, आणि पुढे सरकारी कचेरीची वाट त्या परीक्षेच्या दारातून जाऊ लागली. पंतोजीकडे मूल संपूर्ण सोपवलेले असे. आता पालक इंग्रजी आणि गणित तेवढे सोपवू लागले, आणि मोबदला मुलाच्या संगोपनाचा न राहता निकालाचा झाला. या मागणीने एक नवा वर्ग पोसला, तो गरीब विद्यार्थ्यांचा. कोकणातून, देशावरून पुण्या-मुंबईस आलेला मुलगा वार लावून जेवी, माधुकरी मागे, आणि एखाद्या घरातील लहान मुलांना शिकवून तेथेच कोपऱ्यात पथारी टाकी. धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईत शिकताना आणि १८८४ साली पदवीधर झाल्यावरही शाळांतील तास आणि खासगी शिकवण्या यांची सांगड घालून संसार चालवला, आणि १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून गेले. पुढील काळात महर्षी म्हणून ज्यांच्यापुढे महाराष्ट्र नतमस्तक झाला, त्यांचा तरुणपणीचा वेळ परक्यांच्या मुलांची त्रैराशिके तपासण्यात गेला, हे मला त्यांच्या चरित्रातील गौण प्रकरण वाटत नाही. नेमस्त जमाखर्च आणि कंटाळा न करता तेच पुन्हा समजावण्याची त्यांची चिकाटी, यांची तालीम त्या घरांतच झाली असली पाहिजे.

शिकवणी घराबाहेर पडली तीही याच सुमारास. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० साली बाहेर पडल्यावर टिळकांनी निर्वाहासाठी वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालवला. तेथे शिक्षक विद्यार्थ्याच्या घरी जात नव्हता, विद्यार्थीच शिक्षकाच्या बिऱ्हाडी येत होते, आणि एकाऐवजी अनेकांची फी एकत्र होत होती. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींपासून गावोगाव फोफावलेला ‘क्लास’ याच रीतीचा विस्तार आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती सरस ठरली यात नवल नाही, परंतु तिने एक गोष्ट गमावली: घरी येणाऱ्या शिक्षकाला मुलाचे घर दिसत असे. अभ्यासाला जागा आहे की नाही, रात्री दिवा किती वेळ जळतो, आईला वाचता येते की नाही, हे त्याला प्रश्न न विचारता कळे, आणि चांगला शिक्षक आपला धडा त्या मापाने बेतत असे.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने शाळेतील शिक्षकास खासगी शिकवणीची मनाई केली, आणि वर्गात हातचे राखून तेच शिकवणीत विकण्याचा मोह पाहता ती मनाई रास्त आहे. ज्याला कोणत्याही शाळेने नेमलेले नाही, अशा माणसाला मात्र तो कायदा लागू नाही, आणि त्याचा व्यवहार पंतोजींच्या वेळी होता तसाच आजही तोंडी ठरावावर चालतो. परीक्षा संपली की फी बंद, मे महिन्यात उत्पन्न शून्य, आणि मूल आजारी पडले तर बुडालेला तास कोणाच्या नावे मांडायचा, याचा निवाडा दर घरी निराळा.