पेटी कॅमेरा : ओळख व मूल्य

पेटी कॅमेरा : पुठ्ठा, लाकूड किंवा पत्रा यांची चौकोनी पेटी, तीत पुढे एक साधे भिंग व मागे गुंडाळी-फिल्म अशी रचना असलेला कॅमेरा. भिंगाचे अंतर बदलण्याची सोय त्यात बहुधा नसते व शटरची गतीही सामान्यतः एकच असते.

मुंबईत छायाचित्रणास लवकर प्रारंभ झाला. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार होत. तथापि काचेची ओली पट्टी जागीच तयार करून जागीच धुवावी लागत असल्याने ही विद्या पेढीवाले व सधन हौशी यांच्यापुरतीच राहिली. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये शंभर चित्रे घेणारा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला विक्रीस आणला. त्यांच्याच कंपनीचा पुठ्ठ्याचा ‘ब्राउनी’ १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरला मिळू लागला आणि पहिल्याच वर्षी दीड लाखाहून अधिक खपला. पुढील वर्षीच्या ‘नं. २ ब्राउनी’साठी १२० क्रमांकाची फिल्म निघाली. भारतात स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. वंशाने तोही पेटी कॅमेराच.

माळ्यावर सापडलेल्या कॅमेऱ्याचे वय ठरविताना आत छापलेल्या पेटंटच्या तारखेने हमखास फसगत होते. ती तारीख शोधाची असते, त्या नगाच्या निर्मितीची नव्हे. फिल्मचा क्रमांक अधिक विश्वसनीय ठरतो. ६२० क्रमांकाची फिल्म १९३०–४० या दशकाच्या प्रारंभी आली. ती लागणारा कॅमेरा त्याआधीचा असणे शक्य नाही. १२० व ६२० यांची फिल्म सारख्याच रुंदीची, पण रिळे वेगळी असतात. ‘नं. २ ब्राउनी’ दीर्घकाळ निघत राहिला. त्याची पेटी पुठ्ठ्याची की ॲल्युमिनियमची हे पाहावे, धातूची नंतरची. मागील लाल खिडकीवर सरकती झाकणपट्टी असेल, तर नग बहुधा उत्तरकालीन असतो. कारण जुन्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, पुढील पँक्रोमॅटिक फिल्मवर होई. रस्त्यावरील छायाचित्रकाराची तिवईवर उभी केलेली लाकडी पेटी मात्र निराळी. तिच्या आतच कागदी निगेटिव्ह धुतली जाई. तिला गुंडाळी-फिल्म लागत नसे.

जुना तो मौल्यवान, हा समज येथे खरा ठरत नाही. लाखोंनी निघालेल्या साध्या काळ्या ब्राउनीला संग्राहक फारसे मोल देत नाहीत. याउलट १८८८ चा मूळ कोडॅक, काही महिनेच निघालेला सुट्या झाकणाचा पहिला ब्राउनी व वॉल्टर डॉर्विन टीग यांच्या आकृतिबंधाचा रंगीत ‘बो ब्राउनी’ (१९३०–३३) यांना मागणी असते. मूळ खोके, माहितीपुस्तिका व चालू शटर यांनी किंमत वाढते. नव्याने चढविलेल्या चामड्याने व चकाकी दिलेल्या पितळेने ती घटते. ठाण्याची खाडी व डोंगर यांच्यामधील नाहूर–मुलुंड पट्ट्यात पावसाळी दमटपणाने पुठ्ठा फुगतो, भिंगावर बुरशी चढते आणि दृश्यदर्शकाचा आरसा काळवंडतो. त्यामुळे या भागात सुस्थितीतील पुठ्ठ्याच्या नगाचे मोल अधिक मानले पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात कलावस्तू, विज्ञानविषयक वस्तू इत्यादींसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. बाजारात ‘अँटिक’ हा शब्द मात्र क्लिक थ्रीलाही सर्रास लावला जातो.

विकण्याच्या घाईत बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. आत फिल्म असेल, तर पेटी उजेडात उघडू नये. किल्ली शेवटपर्यंत फिरवून फिल्म पाठकागदात पूर्ण गुंडाळली जाऊ द्यावी व अंधारातच रीळ काढावे. दशकानुदशके न धुतलेल्या कृष्णधवल फिल्मवरही चित्रे मिळाल्याची उदाहरणे आहेत. असे रीळ हाती आल्यास पेटीची किंमत दुय्यम ठरते.