मॉन्टी जोन्स: दोन भातांचं लग्न लावणारा माणूस

आज जाऊया पश्चिम आफ्रिकेत, भाताच्या शेतात.

भात म्हटलं की आपल्याला आशियाच आठवतो. पण आफ्रिकेचा स्वतःचा भात आहे, ओरायझा ग्लाबेरिमा. नायजर नदीच्या खोऱ्यात सुमारे 3000 वर्षांपूर्वी लोकांनी तो शेतात आणला. गडी काटक, तणाला डोकं वर काढू देत नाही. पण पीक आडवं पडतं, दाणे झडतात, उतारा कमी. साधारण 450 वर्षांपूर्वी पोर्तुगीजांबरोबर आशियाई भात आला. दाणे भरपूर, पण तणापुढे हतबल. शेतकरी हळूहळू त्याच्याकडे वळले आणि खुरपणीचं ओझं वाढलं. ते पडलं मुख्यतः बायका-पोरांवर.

मग दोघांचे गुण एकत्र का नाही आणायचे? अनेकांनी प्रयत्न केले. पण संकर झाला तरी संतती वांझ, अगदी खेचरासारखी!

इथे येतात मॉन्टी जोन्स. जन्म 1951, सिएरा लिओन. न्जालात शेतीचं शिक्षण, बर्मिंगहॅममधून 1983 मध्ये पीएचडी. 1991 मध्ये ते आयव्हरी कोस्टमधल्या 'वार्डा' या तांदूळ संशोधन संस्थेत आले. बियाणे पेढीत ग्लाबेरिमाचे सुमारे 1500 वाण पडून होते. जोन्स आणि त्यांच्या टीमने ते तपासले, निवडक वाणांचा आशियाई भाताशी संकर केला. असा गर्भ दाण्यातच मरून जाऊ नये म्हणून तो अलगद काढून प्रयोगशाळेत, पोषक द्रव्यावर वाढवला. रोपं आली की पुन्हा आशियाई वाणाशी संकर, असं करत करत प्रजननक्षमता परत आणली. 1990 च्या दशकाच्या मध्यात सुपीक रोपं उभी राहिली. हाच 'नेरिका', म्हणजे आफ्रिकेसाठी नवा तांदूळ.

पुढचं मला जास्त आवडतं. कुठला वाण चांगला, हे फक्त शास्त्रज्ञांनी ठरवलं नाही. गावागावांत प्लॉट लावले आणि शेतकऱ्यांनाच, त्यात बायकाही आल्या, निवडायला सांगितलं.

2004 मध्ये जोन्स यांना चीनच्या युआन लाँगपिंग यांच्यासोबत जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकन.

नेरिका म्हणजे जादू नव्हे. चांगलं बियाणं, खत आणि पाऊस नसेल तर तोही हात टेकतो. पण एक विचार करा: 'जुना, कमी उताऱ्याचा' म्हणून ते 1500 वाण कुणी जपलेच नसते, तर जोन्स यांनी संकर कशाशी केला असता?