गवताचे मोल कोणी ठरवायचे?

थ्रेड : दख्खनचा माळ

१/ मे १६७४. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी सुरू असताना चिपळूणनजीक हलवर्ण येथील लष्करी छावणीस शिवछत्रपतींचे एक पत्र गेले. विषय होता दाणा-वैरणीचा. पावसाळाभर वैरण बेताने वापरा. ती संपून घोडी मेली तर ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांना उपद्रव द्याल. पेटती वात उंदराने पळवली तरी गवत जळून जाईल, इतकी बारीक ताकीद त्यात आहे. ऐन धामधुमीतले हे पत्र आहे, हे विसरू नये.

२/ घोडदळावर उभ्या असलेल्या राज्याला गवत म्हणजे रसद. म्हणून कुरणे राखली जात.

३/ त्याच माळाकडे धनगर निराळ्या दृष्टीने पाही. पावसाळ्यात चराई, सुगीनंतर शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. म्हणजे माळावरचे गवत मेंढीच्या पोटातून ज्वारीच्या शेतात पोहोचे. कुणब्याला ते मोल नेमके ठाऊक होते. शिवाय बिरोबा, म्हस्कोबा हे देवही याच माळरानातले, वारुळाशी जोडलेले. गुंथर सोंथायमर यांनी धनगरी ओव्यांच्या आधारे हे जग अभ्यासले.

४/ १८३६. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीनंतर इंदापूर तालुक्यात नवी सारापद्धती आली. तिचा प्रश्न एकच : जमीन किती पिकेल? न नांगरलेले ते ‘पडीक’. सारा उतरला, पडीक रान नांगराखाली आले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे मान्य करायलाच हवे. पण मेंढ्यांची वाट अरुंद झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनातील विनापरवाना चराई हा गुन्हाच ठरला.

५/ पुढे माळाला आणखी एक दावेदार मिळाला. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौ. कि.मी. त्यात गावे, शेते, सारेच आले. लोकांचा रोष वाढला आणि २०१२ मध्ये ते सुमारे बाराशे चौ. कि.मी.वर आणले गेले. माळढोकाला उघडा माळ लागतो, दाट झाडी नव्हे. पण झाड नाही ती जमीन ओसाड, ही समजूत सहजी सुटत नाही.

६/ सर्व्हे नंबरातील लागवडीस अयोग्य तुकड्यासाठी सातबाऱ्यावर आजही शब्द आहे : ‘पोटखराबा’. मेंढरे बहुधा तिथेच चरताना दिसतात.