परागीभवनाचे अर्थकारण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

मधमाशीचे मोल मधाच्या भावावरून ठरवणे ही हिशेबातली मोठी चूक आहे. मध विकला जातो म्हणून त्याची किंमत दिसते. फुलाफुलांवर पराग पोचवण्याच्या कामाचे पैसे कोणी मोजत नाही, म्हणून ते शून्य धरले जाते. गाले व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या आकारणीनुसार २००५ साली जगभरच्या अन्नपिकांत कीटकांच्या परागीभवनाचा वाटा १५३ अब्ज युरो, म्हणजे एकूण मूल्याच्या ९.५ टक्के होता. ठाणे जिल्ह्यापुरता आक्षेप असा घेता येईल, की मुरबाड, शहापूर, कल्याण, भिवंडीचे मुख्य पीक भात. तो स्वपरागित, त्याला माशी लागत नाही. हे खरे आहे. भेंडीचेही माशीवाचून बरेचसे भागते, तेव्हा तिचे सगळे उत्पन्न माशीच्या खात्यावर मांडू नये. पण काकडी, कारले, भोपळा या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात, आणि त्यांचा जड, चिकट पराग वाऱ्याने जात नाही. माशी फिरकली नाही तर मादी फूल गळते. पराग अपुरा पडला तर फळ वेडेवाकडे वाढते आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. म्हणजे शेतकऱ्याचे वजनातही नुकसान आणि दरातही.

मग शेतात पेट्या ठेवाव्यात, असे सुचवले जाते. सातेरी आणि मेलीफेरा माश्या पेटीत पाळता येतात. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या कामात आहे. पेट्या हव्यातच, पण त्या रानमाश्यांची जागा घेऊ शकत नाहीत. वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून सुटतो. त्यासाठी फूल धरून थरथरवावे लागते. ते भुंग्याला जमते, पेटीतल्या माशीला नाही. गॅरिबाल्डी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जगातील ४१ पीकपद्धती तपासल्या, तेव्हा रानकीटकांच्या भेटींनी फळधारणा पाळीव मधमाश्यांच्या तेवढ्याच भेटींच्या सुमारे दुप्पट वाढलेली आढळली. शिवाय एकाच जातीवर विसंबणे धोक्याचे: १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या.

आग्या माशी तर पेटीत राहतच नाही. ती उंच झाडांवर आणि आता इमारतींच्या सज्जांखाली पोळे लावते. तिचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो, म्हणून दारा-खिडकीजवळचे पोळे हलवावेच लागते. परंतु ती हंगामी स्थलांतर करणारी माशी आहे. माणसांच्या वावरापासून दूर, उंचावर असलेले पोळे काही काळाने आपोआप रिकामे होते. ते जाळण्याचा खर्च सोसायटी देते, आणि माशी गेल्याचा तोटा आसपासच्या मळ्यांच्या वाट्याला येतो. सोसायटीच्या हिशेबात तो कुठेच येत नाही. शेतात फवारणीपासून माश्या वाचवण्याचा उपाय त्याहून स्वस्त आहे: काकडीचे फूल सकाळी उमलते आणि माश्यांची वर्दळही तेव्हाच असते, त्यामुळे फवारणी संध्याकाळवर ढकलली तर औषध तेवढेच लागते आणि मजुरीही तेवढीच.